लातूरच्या गच्चीवरचा समुद्र

भूकंपाच्या पहाटे कोण काय उचलून घराबाहेर पळालं, यावरून आमच्याकडे माणसाची परीक्षा अजून होते. कोणी लेकरू उचललं, कोणी म्हातारीला पाठुंगळी घेतलं, कोणी देव्हारा उचलला. एक वकील पितळी हंडा घेऊन पळाले आणि तो रिकामा आहे हे त्यांना चौकात गेल्यावर कळलं. आमच्या सरांनी बाटली उचलली. सलाईनची जुनी काचेची बाटली, तोंडाला कापसाचा बोळा आणि आत हिरवट पाणी.

किल्लारीकडे ही थट्टा कोणी करत नाही आणि करूही नये. लातुरात सरांचं घर उभं राहिलं, माणसं वाचली, म्हणून सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ती जन्मभर पुरली. घरी नवीन माणूस आलं की चहाचा कप हातात देता देता काकू सुरू व्हायच्या.

"अख्खी गल्ली लेकरंबाळं घेऊन पळाली अन् ह्यांनी शेवाळ उचललं. मला हाक बी मारली न्हाई."

"तुला पाय होते," सर म्हणायचे. "तिला न्हाईत."

'ती' म्हणजे बाटलीतली हिरवळ, समुद्रातलं सूक्ष्म शैवाल. एकेक जीव इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण एकत्र आले की पाण्याला हिरव्या मुगाच्या कढणाचा रंग येतो. तरुणपणी सर कोकणच्या किनाऱ्यावर एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. वडील आजारी पडले, संशोधन अर्धं राहिलं आणि सर लातूरला परतले ते ही बाटली घेऊन. पदवी तिकडंच राहिली. तेव्हापासून ते तिला जगवत होते. थोडं जुनं पाणी नव्या खाऱ्या पाण्यात घालायचं, ते हिरवं झालं की त्यातलं थोडं पुन्हा नव्यात. बायका विरजण मोडू देत नाहीत, तसं त्यांनी ते मोडू दिलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणातलं तेवढंच काय ते उरलं होतं, आणि हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही तरी आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी नांदेडची. लातुरात क्लासचा धंदा भरात आला तेव्हा रसायनशास्त्र शिकवायला तिथं गेले. त्या काळात किराणा दुकान बंद पडलं की तिथं क्लास उघडायचा, आणि क्लास बंद पडला की मेस. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये बसले होते, तर एक उंच, वाळका माणूस हातातली बाटली गोल गोल घोळवत आत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, तुम्ही नांदेडच्या ना? म्हंजे आपण दोघं समुद्रकिनाऱ्यावरचेच."

मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी वेडा भेटला.

"लातूरची गटार मांजरेला जाते," ते म्हणाले. "मांजरा गोदावरीला. गोदावरी तुमच्या घराजवळनं दर्याला. किनाराच हाय हा. जरा लांब पडतो, एवढंच."

पोरं त्यांना दर्यासर म्हणायची. वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि झकास शिकवायचे. एका हातात खडू, एका हातात बाटली. पाण्यातल्या जिवांना तळाशी बसू द्यायचं नसतं, म्हणून सतत घोळवायची. ती सवय इतकी हाडात मुरली होती की एकदा सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी तीर्थाचं भांडं घोळवून उजेडाकडे धरलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. भटजी मंत्र विसरले.

वर्ग सुरू करताना ते पोरांना एक खोल श्वास घ्यायला लावायचे, मग दुसरा. "एक लिंबाचा, एक दर्याचा," म्हणायचे. "आपल्या हवेतला प्राणवायू नुसता झाडांनी न्हाई केलेला, निम्मा कारभार ह्या बारक्यांचा हाय. ज्यांचा निम्मा श्वास घेता, त्यांना काय पाजता तेवढं बघा."

क्लासच्या गच्चीवर, जिन्याच्या सावलीला, त्यांचा समुद्र मांडलेला होता. सलाईनच्या बाटल्या, बरण्या, डॉक्टरांच्या दवाखान्यातून मागून आणलेले काचेचे चंबू. समुद्राचं पाणी मुंबईहून येणाऱ्या पालकांकडून मागवायचे. आपल्या मुलाला डॉक्टर करायला निघालेला बाप वरळीच्या कठड्यावर वाकून कॅन भरतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की मला अजून हसू येतं. पाणी नाही मिळालं तर सर घरीच क्षार मोजून घालायचे, आणि मग काकूंचा पारा चढायचा.

"नळाला आठवड्यानं पाणी येतंय अन् हे त्यात मीठ घालून राहिले! अय्यो, ह्या माणसाला काय म्हणावं?" काकू धर्माबादच्या, चिडल्या की माहेरचं तेलुगू तोंडात यायचं.

सरांचं वैर एकाच गोष्टीशी, प्लास्टिकशी. त्यांच्या घरात बादली पत्र्याची, डबा पितळेचा. कोणी म्हणालं, "सर, काच कशाला? पुन्हा जमीन हलली तर?" तर म्हणायचे, "काच फुटली तर फुटलेली दिसते तरी." बाजूला वेगळ्या बाटल्यांत त्यांचे उद्योग चालायचे. एकीत दुधाच्या पिशवीचा तुकडा, एकीत तुटकी चप्पल, एकीत पोराच्या खेळण्यातल्या बाहुलीचा पाय, आणि शेजारी एक बाटली काहीच न घातलेली, तुलनेला. बाहुलीचा पाय तरंगणारी ती हिरवी बाटली बघून एक पालक मुलाला घेऊन दुसऱ्या क्लासला गेले.

त्या बाटल्यांचा एक विचित्र कायदा होता, तो सरांनी मला समजावला. काही काही प्लास्टिकचं थोडंसं पाणी लागलं की शैवाल आधी जोरात वाढतं. नेहमीपेक्षा हिरवंगार होतं. बघणारा खूश होतो. मग मान टाकतं.

"जास्त हिरवं दिसलं की भ्यायचं, मॅडम," ते म्हणाले, आणि खाली वर्गात पाठ घोकणाऱ्या पोरांकडं बघत राहिले. मी विषय बदलला.

क्लासचे संचालक लातूरजवळच्या मुरुडकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. मनाने मोठा माणूस, आवाजाने त्याहून मोठा. त्यांचं आणि सरांचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. आमच्या परीक्षांना चार पर्याय असायचे. सर हाताने पाचवा टाकायचे: 'इ) अजून कोणालाच नीट ठाऊक नाही.' आणि कधी कधी तेच उत्तर बरोबर असायचं. पोरं हवालदिल व्हायची.

"सर, बोर्डाच्या पेपरात असला पर्याय येत न्हाई," संचालक म्हणायचे.

"पेपरात न्हाई येत. जन्मात येतो."

नंतर एका वर्षी संचालकांनी प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला पाण्याची बाटली भेट दिली. तिच्यावर ठळक छापलेलं, 'बीपीए फ्री.' वाटपाच्या कार्यक्रमात सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं, ही संचालकांची चूक. सर माईकसमोर बाटली घोळवत उभे राहिले.

"बीपीए नावाचं रसायन बदनाम झालं, म्हणून काढलं. चांगलं केलं. पण त्याच्या जागी कोण बसलंय? सरपंचपद बायांना राखीव झालं की आपला माजी सरपंच काय करतो? बायकोला उभी करतो. पाटीवर नाव बदललं, कारभार तोच. हितं बी बीपीएचा चुलतभाऊ बसलेला असू शकतो. त्याची चौकशी अजून चालू हाय."

पालक पोट धरून हसले. व्यासपीठावर दोन माजी सरपंच बसले होते, ते तेवढे हसले नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, फ्लेक्स येऊन दोनतीन वर्षं झाली त्या उन्हाळ्याचं. निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोरांचे घराएवढे फोटो चौकाचौकांत लागायचे. मोसम संपला की ते फ्लेक्स उतरवून कोणी गोठ्यावर टाकायचं, कोणी कडब्यावर. सरांना स्वतःचा फोटो फ्लेक्सवर नको होता. संचालक दरवर्षी विनवायचे, सर दरवर्षी म्हणायचे, "मी त्याच्यावर चढणार न्हाई."

सरांची आणखी एक तऱ्हा होती. ओळखीच्या माणसांना, क्लास सोडून जाणाऱ्या पोरांना ते हिरव्या पाण्याची छोटी काचेची बाटली द्यायचे. "खिडकीत ठेवा, दुसरं काही करू नका." आणि अक्षय्यतृतीयेला लेकी माहेरी येतात तशा या बाटल्या त्यांना परत हव्या असायच्या, नवं पाणी घालायला. माझी बाटलीही त्या वर्षी माहेरपणाला गच्चीवर गेली होती. तेवढ्यात काकूंच्या भावाच्या घरी लग्न निघालं आणि सर धर्माबादला गेले.

त्याच आठवड्यात संचालकांनी पालकांना क्लास दाखवायचा बेत केला. ते गच्चीवर चढले आणि कापसाचे मळके बोळे बघून त्यांना लाज वाटली. शेतकऱ्याघरचा माणूस. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला असावा, म्हणजे बरणी शोभते, हे आईचं बघून ठाऊक. जुना फ्लेक्स कात्रीने गोल गोल कापला आणि बोळे काढून स्वतःच्या हाताने एकूण एक बाटलीला, बरणीला सुतळीने घट्ट दादरा बांधला. मी वर गेले तर काय बघते! प्रत्येक बाटलीच्या तोंडावर गुणवंतांचे तुकडे. एकीवर जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी, एकीवर नुसते कोणाचे तरी दात, माझ्या बाटलीवर अर्धा कान आणि '९८ टक्के'.

"कसं दिसून राहिलंय, मॅडम?" संचालकांनी विचारलं. मला हसू आवरेना. फ्लेक्सचं काय होईल ते तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

फ्लेक्स मुळात कडक प्लास्टिक. ते मऊ, घडी पडेल असं व्हावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घालतात. ती प्लास्टिकला पक्की बांधलेली नसतात, उन्हात सुटतात. लातूरच्या उन्हात बाटलीतल्या पाण्याची दिवसभर वाफ व्हायची, फ्लेक्सच्या आतल्या अंगाला लागायची, आणि ऊन उतरलं की थेंब होऊन खाली पडायची. सर येईपर्यंत रोज.

सर लग्नाहून परत आले तेव्हा संचालक त्यांना हाताला धरून वर घेऊन गेले. समुद्र कधी नव्हता इतका हिरवा झाला होता. डोळे दिपावेत असा.

"बघा सर! आमच्या टॉपरची नजर पडली अन् तुमचा दर्या फुलला!"

सरांचा चेहरा पांढरा पडला. ते एकेक दादरा सोडत गेले. नवीन पाणी घातलं, सावलीत नेलं, काय काय केलं. हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याच्या गुठळ्या झाल्या आणि गुठळ्या तळाशी बसल्या. मग घोळवूनही वर येईनात.

मला वाटलं सर संचालकांवर भडकतील. संचालक तर कोपऱ्यात मान खाली घालून उभेच होते. सर भडकले, पण भलत्याच गोष्टीवर.

"एकाही बाटलीला कापूस ठेवला न्हाई हो तुम्ही! एक तरी तशीच ठेवायची. आता हे फ्लेक्सनं झालं का उन्हानं, कसं सांगू मी? तुलनेला काहीच ठेवलं न्हाई!"

मग ते पायरीवर बसले. हातात काही नव्हतं आणि हात गोल फिरत होता. ते बघून मला रडू आलं.

बाहेर कुठं एखादी बाटली उरली असेल म्हणून आम्ही शोध सुरू केला. माहेरी न आलेल्या बाटल्या थोड्याच होत्या. नांदेडच्या एका डॉक्टर झालेल्या मुलाच्या आईने ते पाणी तुळशीला घातलं होतं, तुळसही गेली. मुरुडच्या मुलाने बाटली फुटायला नको म्हणून पाणी प्लास्टिकच्या डब्यात ओतून ठेवलं होतं, डबा तेवढा शाबूत होता. रेणापूरचे एक निवृत्त हेडमास्तर फोनवर म्हणाले, "ते काढ्याचं पाणी ना? प्यालो मी. लई फायदा झाला." सरांनी त्यांना तब्येतीचे बरेच प्रश्न विचारले आणि उत्तरं मन लावून ऐकली.

शेवटी आणखी शोधायला बाहेरगावी जावं म्हणून मी रजा मागायला संचालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्या मागं कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली, एसीच्या गारव्यात, नक्षीच्या काचेच्या सुरईत मुगाचं कढण चमकत होतं.

"हे काय?"

संचालक लाजले. क्लासच्या उद्घाटनाला सरांनी दिलेली बाटली. वास्तुवाल्याने सांगितलं होतं, ईशान्येला हिरवं, जिवंत पाणी ठेवा. तेव्हापासून निकाल चढता. दर दिवाळीला ते सरांकडून 'पूजेला' म्हणून खारं पाणी मागून न्यायचे, ते या सुरईत घालायचे. सर त्यांना देवभोळा म्हणून हसायचे आणि पाणी द्यायचे.

"अर्धं द्या," मी म्हटलं.

"मॅडम, ॲडमिशनचे दिवस हायेत. ईशान्येचं पाणी कमी करू नका म्हणलाय तो."

"तुम्ही त्यांचा समुद्र मारला!"

"हाव, मारला. म्हणून तर भेव वाटून राहिलं. हे बी गेलं तर?" ते खरंच घाबरले होते. पण मूळचा धंदेवाईक माणूस, घाबरलेला असला तरी. जरा वेळाने म्हणाले, "देतो. पण सरांनी एकदा, फक्त एकदा, फ्लेक्सवर यावं."

मी सरांना केबिनमध्ये बोलावून अट सांगितली. मला वाटलं सर उठून जातील. सरांनी विचार केला, हात फिरवला. "चढतो. पण माझा एक प्रश्न छापायचा, माझ्या पर्यायांसकट. त्यात कोणी हात घालायचा न्हाई."

"एकच ना?" संचालक म्हणाले. "छापा की."

फ्लेक्स छापणारे चाचा पूर्वी हाताने पाट्या रंगवायचे. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "सर, इसमे सही जवाब कौनसा? उसको लाल करता मैं."

"वोच तो ढूंढ रहे, चाचा," सर म्हणाले.

चौकात फ्लेक्स चढला. घराएवढे सर, हातात बाटली, आणि खाली: 'या फ्लेक्समधून पाण्यात काय उतरते? अ) काही नाही. ब) थोडेसे. क) बरेच. ड) वरीलपैकी सर्व. इ) अजून कोणालाच नीट ठाऊक नाही.' संचालकांनी तो वाचला लोकांचे फोन यायला लागल्यावर. पण फोन करणारा प्रत्येक बाप शेवटी प्रवेशाचंही विचारायचा, म्हणून फ्लेक्स उतरला नाही.

सुरईतलं अर्धं पाणी घ्यायला काकूही आल्या होत्या. रिक्षात त्यांनी बाटली मांडीवर घेतली, वरून पदर धरला. सर शेजारी बसले. रिक्षा सुटताना काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्या टायमाला तरी मला संगं घेतलं बाई." सरांनी काकूंचा पदर नीट केला. मी त्यांना तसं काही करताना पहिल्यांदाच बघितलं.

समुद्र पुन्हा हिरवा झाला, जेवढा व्हायला हवा तेवढाच. सर निवृत्त झाले आणि काकूंच्या माहेरी धर्माबादला राहायला गेले. बाटल्याही गेल्या.

गेल्या वर्षी मी एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला रेणापूरजवळ गेले होते. तिच्या मामांच्या गोठ्यात डोकावले, तर छतावरून सर माझ्याकडं बघत होते. उलटे. प्रश्न फाटून गेला होता, पर्याय तेवढे उरले होते. सरांच्या हनुवटीवरून दवाचं पाणी ठिबकत होतं ते थेट म्हशीच्या हौदात. मी तिथूनच सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"हौदातलं पाणी हिरवं हाय का?" त्यांनी आधी विचारलं.

"लई हिरवं."

"मग आधी मला खाली उतरवा."

मामांनी ऐकलं आणि माझ्या हातातून फोन घेतला. "सर, उतरवतो. पण पावसाळ्यात म्हशीवर काय टाकू? पत्रे भूकंपानंतर टाकलेले, चाळण झालीय त्यांची."

पलीकडं सर कुठली तरी बाटली घोळवत असणार. मग ते म्हणाले, "खरं सांगू का? ते मला बी ठाऊक न्हाई."

मामांनी फोन माझ्याकडं दिला आणि हौदाकडं बघितलं. हौद सिमेंटचा, तो काही हलणारा नव्हता. म्हणून आम्ही दोघांनी शिडी लावली आणि सरांना हातभर सरकवलं.